मागून येणाऱ्यांसाठीचा दिवा

कुंभार्ली घाट उतरताना आमच्या गाडीत तो दिवा पहिल्यांदा लागला. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा, पण बघणाऱ्याला पाण्याचा नळ वाटावा असा. शेजारी बसलेल्या मामांनी विचारलं, "हा कसला रे दिवा?" मी म्हटलं, "चेक इंजिनचा." मामा म्हणाले, "मग कर की चेक!"

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि अशा वेळी सगळे करतात तेच केलं. गंभीर चेहरा करून इंजिनाकडे बघत उभा राहिलो. धूर नव्हता, कुठे गळत नव्हतं, तापमानाचा काटा जागेवर होता, आवाजही रोजचाच. चिपळुणात लग्न होतं आणि मुहूर्त काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. "पळतेय ना? मग चल," असा मामांनी निकाल दिला. गाडी पळाली. लग्न लागलं, जेवणं झाली, आम्ही परत आलो आणि दिवा पुढचे पाच महिने तसाच लागलेला राहिला. रात्री तो डोळ्यांत जातो म्हणून बायकोने एक दिवस पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि मीटरच्या काचेवर, बरोबर त्या दिव्यावर एक टिकली चिकटवली. प्रश्न मिटला.

हे पुस्तक त्या टिकलीखालून निघालं आहे.

त्या पाच महिन्यांत मी ज्यांना ज्यांना दिव्याबद्दल विचारलं, त्या सगळ्यांचं बोलणं दोनच मुद्द्यांवर येऊन थांबायचं. गाडी वाटेत बंद पडेल का, आणि खर्च किती येईल. हा दिवा मुळात कुणासाठी लावलाय, हे मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. ऑइलचा लाल दिवा इंजिन वाचवायला असतो, बॅटरीचा दिवा आपल्याला रस्त्यात अडकू न देण्यासाठी, सीटबेल्टचा आत बसलेल्यांच्या जिवासाठी. चेक इंजिनचा दिवा मात्र प्रदूषणाच्या कायद्याने गाडीत आणला. तो लागतो तेव्हा त्याचं म्हणणं साधारण असं असतं : या गाडीतून ठरल्यापेक्षा जास्त घातक वायू बाहेर जातायत, किंवा जाण्याची शक्यता आहे, किंवा त्यावर नजर ठेवणारं यंत्रच बिघडलंय. म्हणजे आपल्या मागे स्कूटरवर असलेल्या माणसासाठी आणि सिग्नलला गाड्यांमधून फिरणाऱ्या गजरेवालीसाठी लागणारा हा दिवा आहे. तो दिसतो मात्र फक्त आपल्याला. नावात ‘इंजिन’ आल्याने सगळा घोळ झाला.

या दिव्याचं मूळ लॉस एंजेलिसमध्ये आहे. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर एवढं दाट, डोळे झोंबवणारं धुरकं उतरलं, की युद्धाचे दिवस असल्याने जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. शत्रू परका नव्हता. कॅल्टेकमध्ये अननसाच्या वासाचं रसायनशास्त्र अभ्यासणारे डच वंशाचे शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट या धुरक्याकडे वळले. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडलं की त्यातून ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं. ज्या उन्हासाठी लोक तिथे राहायला जात, तेच ऊन धुराचं विष करत होतं. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट झाले.

१९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. मग दुसरी अडचण पुढे आली. कारखान्यातून निघताना गाडी स्वच्छ असते, चार वर्षांनी तिचं काय झालंय ते कोण बघणार? कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मालकाला तो कळत नाही आणि प्रत्येक गाडीमागे इन्स्पेक्टर धावू शकत नाही. तेव्हा इन्स्पेक्टरच गाडीत बसवायचा, असं ठरलं. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून त्याची पहिली आवृत्ती सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना दुसरी, ओबीडी-टू नावाची आवृत्ती लागू झाली. तिने एक फार मोठं काम केलं. गाडी कुठल्याही कंपनीची असो, स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एकाच मापाचं सॉकेट आणि बिघाडांच्या कोडांची एकच बाराखडी. आज आपल्या गल्लीतला मेकॅनिक हातातला स्कॅनर कुठल्याही गाडीला लावू शकतो, त्याची सोय तेव्हा झाली.

आता हा आतला इन्स्पेक्टर बघतो तरी काय?

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं. हवा जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडं मोडायचं काम अडतं. हे काम करणारा कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला सिरॅमिकचा ठोकळा. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. तापल्यावर हा लेप तिन्ही वायूंना एकाच वेळी निरुपद्रवी करू शकतो, पण हवा-पेट्रोलचं प्रमाण त्या १४.७ च्या आसपास राहिलं तरच.

ते राखायला ऑक्सिजन सेन्सर असतो. हातात घेतला तर स्पार्क प्लगचा थोरला भाऊ वाटतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या एका बाजूला इंजिनातून आलेला वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकाने किंचित वीज तयार होते, पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी झालं तर ०.१ च्या. गाडी गरम झाल्यावर स्कॅनरच्या पडद्यावर हा आलेख बघावा. झोपाळ्यासारखा वर-खाली, वर-खाली. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, दर झोक्याला पेट्रोल थोडं कमी, थोडं जास्त करत असतो.

कॅटच्या पलीकडे असाच दुसरा सेन्सर असतो. त्याचा आलेख मात्र जवळजवळ सरळ रेषेत चालायला हवा, कारण धडधाकट कॅट जास्तीचा ऑक्सिजन पोटात साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे अलीकडचे हेलकावे पलीकडे पोचत नाहीत. वर्षं उलटली, लेप झिजला, की ही साठवण संपते आणि मागचा सेन्सर पुढच्यासारखाच झुलू लागतो. मागच्या बाकावरच्या पोराने पुढच्याचा पेपर बघून उत्तरं उतरवावीत तसा. दोन पेपर सारखे दिसले की ईसीयूला कॉपी कळते आणि तो ‘पी०४२०’ हा कोड नोंदवून दिवा लावतो. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ईसीयूने बाहेर जाणारा कार्बन मोनॉक्साइड मोजलेलाच नाही. दोन आलेखांच्या साम्यावरून त्याने तर्क केलाय. हा इन्स्पेक्टर हुशार आहे, पण तो सगळं काम अनुमानाने करतो, आणि अनुमान चुकू शकतं.

मिसफायर ओळखण्याची त्याची तऱ्हा तर आणखी मजेदार. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर आत सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. त्यातली एक फुकट गेली तर क्रँकशाफ्ट क्षणभर, अगदी किंचित, मंदावतो. त्याच्या दातेरी चकतीवर डोळा ठेवून बसलेल्या सेन्सरला ते समजतं आणि कितव्या सिलिंडरने दगा दिला तेही कळतं. आपल्याकडे याला ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. तिथलं न जळलेलं पेट्रोल तसंच कॅटमध्ये जातं आणि तिथे पेटतं. कॅट इतका तापतो की आतला ठोकळा वितळू शकतो. म्हणून अशा वेळी दिवा नुसता लागत नाही, लुकलुकतो. स्थिर दिव्याला दोन-चार दिवसांत गॅरेज गाठलं तर चालतं. लुकलुकणाऱ्या दिव्याला ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच हलका करायचा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवायची. पुस्तकातलं बाकी सगळं विसरलात तरी हे वाक्य लक्षात ठेवा.

कोड मिळाला म्हणजे बिघाड सापडला, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. मला पडली. आमच्या टिकलीखालचा कोड होता ‘पी०१७१’. अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला, कोड वाचला, "ऑक्सिजन सेन्सर गेला" असं सांगून नवा बसवला. साडेचार हजार रुपये. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. सेन्सर बिचारा खरं बोलत होता आणि नोकरी त्याचीच गेली.

दुसऱ्या गॅरेजातले मेस्त्री साठीचे. त्यांनी कोड बघितला आणि बाजूला ठेवला. मग ईसीयू किती टक्के जास्तीचं पेट्रोल ओततोय तो आकडा काढला. गाडी जागेवर सुरू असताना अधिक २२, आणि २५०० फेऱ्यांवर नेली की अधिक ५. "म्हणजे हवा चोरून येतेय," ते म्हणाले. मोजणारा सेन्सर चुकवून थोडी हवा आत शिरत असेल, तर इंजिन कमी हवा ओढत असताना तिचा वाटा मोठा दिसतो. इंजिन जोरात ओढू लागलं की तीच चोरी किरकोळ ठरते. त्यांनी कार्ब क्लीनरचा डबा घेतला आणि एकेका रबरी नळीजवळ फुसफुस फवारा मारत गेले. एका नळीपाशी इंजिनाचा आवाज एकदम बदलला. नळीच्या खालच्या अंगाला, वरून न दिसणारी चीर होती. नळी दीडशे रुपयांची.

त्या दिवसापासून मी कोडाकडे पोलिसांत नोंदवलेल्या तक्रारीसारखं बघतो. कोण तक्रार करतंय आणि कशाबद्दल, हे तिच्यातून कळतं. गुन्हेगार कोण ते कळत नाही. तक्रारीबरोबर ईसीयू पंचनामाही करून ठेवतो. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, फेरे किती, इंजिन गरम होतं की थंड, भार किती, हे सगळं त्यात असतं. जाणकार तो आधी वाचतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारा मात्र तक्रार आणि पंचनामा दोन्ही फाडून टाकतो. दिवा जातो, बिघाड तिथेच असतो आणि पुरावा नष्ट झालेला असतो. बिघाड खरोखर दुरुस्त झाला असेल तर घाई करायचं कारणही नसतं. ईसीयू साधारणपणे प्रवासाच्या सलग दोन फेऱ्यांत खोट दिसल्याशिवाय दिवा लावत नाही आणि सलग तीन फेऱ्या ठीक गेल्या की तो आपणहून विझवतो.

आपल्याकडे हा दिवा कायद्याने आला तो उशिरा. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅट सक्तीचा झाला. शिसं कॅटचा लेप मारून टाकतं, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झालं. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत बीएस-फोर हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यांच्याबरोबर ओबीडीचा, म्हणजे त्या आतल्या इन्स्पेक्टरचा, पहिला टप्पा आणि २०१३ मध्ये दुसरा. १ एप्रिल २०२० ला देशाने बीएस-फाइव्ह ओलांडून थेट बीएस-सिक्समध्ये उडी मारली. डिझेल मोटारीला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, काजळीची २५ वरून ४.५ वर. दुचाकींनाही हा दिवा आला. एप्रिल २०२३ पासून मोटारींची चाचणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही होऊ लागली.

कागदावर हे भक्कम आहे. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेत नवं मॉडेल काटेकोर तपासलं जातं. पण तीच गाडी सहा वर्षांनी आपल्या दारात उभी असते तेव्हा तिची तपासणी म्हणजे पीयूसी. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघायचा, डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा बघायचा. नायट्रोजनची ऑक्साइडं इथे मोजलीच जात नाहीत. ही फट नीट समजून घ्यायला हवी. डिझेल गाडीत थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडून ज्वलन थंड ठेवणारी ईजीआर नावाची झडप असते. ती काजळीने तुंबते. मग कुणीतरी सल्ला देतं, "पत्रा लावून बंद करून टाका, पिकअप वाढेल." पिकअप वाढतो, काळा धूर कमी होतो, पीयूसी आधीपेक्षा सहज मिळतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र वाढलेली असतात. या साऱ्या व्यवहारात खरं बोलणारा साक्षीदार एकच, तो पिवळा दिवा. म्हणून पत्र्याबरोबर सॉफ्टवेअर बदलून दिवाही बंद करून देणारे असतात. कॅट काढून साधा पाइप जोडणारे असतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा. दिवा लागलेला असेल तर त्यांची गाडी तिथल्या तपासणीत नापास होते. आपल्याकडे पीयूसीच्या टपरीवर त्याच्याकडे सहसा कुणी बघतही नाही.

तिकडचे व्हिडिओ बघून इकडे उपाय करण्याचाही एक धोका आहे. दिवा लागला की पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, हा अमेरिकी सल्ला आपल्याकडे फार फिरतो. अमेरिकी नियमांत टाकीतून वाफ गळते का याची तपासणी सक्तीची आहे. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ती तपासणी करतच नाहीत. झाकण घट्ट करावं, पण दिवा त्याने जाईल ही आशा ठेवू नये. आपली कारणं आपली आहेत. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेले आणि वायरी कुरतडणारे उंदीर, नंतर बसवलेलं आणि नीट न जुळवलेलं सीएनजी किट, भेसळीचं इंधन. रोज चार किलोमीटरचं ऑफिस गाठणारी बीएस-सिक्स डिझेल गाडी हे आणखी एक. तिच्या फिल्टरमधली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत ते कधी गाठलंच जात नाही. ट्रकवाल्यांचा ‘युरिया’, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण, त्याच्या भेसळीची कथा वेगळीच. या प्रत्येकावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

दिव्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरला प्रयोगशाळेतली चाचणी ओळखता येत होती. तेवढ्यापुरती गाडी सभ्य वागे आणि रस्त्यावर काही मॉडेलं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजनची ऑक्साइडं सोडत. त्या गाड्यांमध्येही हा दिवा होता. तो लागला नाही, कारण ईसीयूच्या लेखी सारं आलबेल होतं. दिव्याला जे शिकवलंय तेवढंच तो सांगतो. शिकवणारा खोटा निघाला तर दिवाही मुका होतो.

हे पुस्तक वाचून कुणी मेकॅनिक होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पहिला भाग गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. दिवा लागल्यावर त्या घडीला काय करायचं, गॅरेजात कुठले प्रश्न विचारायचे, आणि "सेन्सर बदलावा लागेल" या वाक्यावर "कशावरून?" असं न घाबरता कसं विचारायचं. दुसरा भाग आयटीआयमधल्या मुलांसाठी आणि कार्ब्युरेटरच्या काळात हात बसलेल्या, पण स्कॅनरला बिचकणाऱ्या मेस्त्रींसाठी. त्यांना एवढंच सांगायचंय, की तुमचा कान आणि तुमचं नाक अजून लागतं. माझी नळी स्कॅनरने सापडली नाही. ती आकड्याचा अर्थ लावणाऱ्या माणसाला सापडली.

नळी बदलली त्या संध्याकाळी मी टिकली काढली. काचेवर गोंदाचा एक गोल डाग राहिला, तो अजून आहे. तेव्हापासून एक सवय लागलीय. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याआधी मी त्या डागाकडे बघतो. पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तुम्हीही आधी हेच बघा. किल्ली फिरवूनही तो दिवा लागलाच नाही, तर विकणारा काहीही सांगो, त्या गाडीत कुणीतरी टिकली आतून लावलेली असू शकते.